तीनशे, पन्नास आणि आपण
(‘काळा स्वातंत्र्यदिन’ पुन्हा वाचताना)

राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. वाचलाय किती जणांनी, हा प्रश्न वेगळा. शिबिरात पोरं छाती काढून सांगतात, ढाल्यांनी झेंड्याबद्दल असं लिहिलं, तसं लिहिलं. पुढं विचारलं, की बाबा, लेख कशाबद्दल होता, तर गप्प. ब्राह्मणगाव कुठल्या जिल्ह्यात, तिथं काय घडलं, शिक्षा किती झाली, काही सांगता येत नाही. लेखातला झेंडा तेवढा डोक्यात राहिला आणि ज्या बाईसाठी लेख लिहिला गेला ती बाई गळून गेली. हे लेखाचं वाचन नव्हे. म्हणून हा लेख पुन्हा समोर घेऊन बसलोय.

१

आधी साधी नोंद. १९७२ साल. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती, देशभर रौप्यमहोत्सवाची रोषणाई चालली होती. याच काळात दलितांवरच्या अत्याचारांचा इलयापेरुमल समितीचा अहवाल दिल्लीत धूळ खात होता. महाराष्ट्रात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध बाईची भर गावात विटंबना झाली. मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकानं १५ ऑगस्टचा विशेषांक काढला, त्याचं काम अनिल अवचट पाहत होते. त्या अंकात ढाल्यांचा हा लेख आला.

लेखाचा गाभा दोन आकड्यांत आहे. राष्ट्रीय प्रतीकाचा अपमान केला तर दंड तीनशे रुपये. ब्राह्मणगावात बौद्ध बाईच्या अंगावरचं लुगडं ओढलं, तिथं दंड पन्नास रुपये. ढाल्यांनी हे आकडे शेजारीशेजारी ठेवले आणि संतापून झेंड्याबद्दल एक शिवराळ प्रश्न विचारला. झालं. महाराष्ट्रभर गदारोळ. ध्वजाचा अपमान, देशद्रोह, ‘साधने’सारख्या साने गुरुजींच्या साप्ताहिकात असली भाषा, वगैरे वगैरे.

पांढरपेशा वाचकानं तो शिवराळ प्रश्न तेवढा वाचला आणि बाकी लेख बाजूला सारला. पन्नास रुपयांचं काय, याचं उत्तर कुणी दिलं नाही. आणि आपण काय केलं? आपणही तोच प्रश्न उचलला, डोक्यावर घेतला, त्याला विद्रोह म्हटलं. त्यांना जे वाक्य टोचलं तेच आपल्याला आवडलं. म्हणजे लेख कसा वाचायचा हे पुन्हा त्यांनीच ठरवलं की! आपण फक्त चिन्ह बदललं, उणेचं अधिक केलं.

२

माझं म्हणणं सरळ आहे. ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा शिवीचा लेख नाही, तो जमाखर्चाचा लेख आहे.

हिशेब मांडणं ही आपली जुनी रीत आहे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या कष्टाचा आणि गोऱ्या शिपायावरच्या खर्चाचा मेळ घालून दाखवला. बाबासाहेब तर शिकलेच अर्थशास्त्र, रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला. ज्याच्याकडं जमीन नाही, मठ नाही, ग्रंथांची मिरास नाही, त्याला दुसऱ्याच्या वहीतली चूक दाखवण्यावाचून हत्यार नसतं. सावकाराची वही वाचता आली पाहिजे, हे आपल्या बापजाद्यांनी अंगठे उठवून उठवून शिकलेलं आहे. ढाले ‘येरू’, ‘चक्रवर्ती’ अशा अनियतकालिकांच्या वर्तुळातले, नव्या कवितेची, चित्रांची, भाषेची जाण असलेले. पण इथं त्यांनी प्रतिमांचा खेळ केला नाही. देशाची वही उघडली आणि दोन रकमांवर बोट ठेवलं.

आणखी एक गोष्ट, जी मी कुणाच्या समीक्षेत वाचली नाही. झेंडा हे कापड आहे आणि लुगडंही कापड आहे. एका कापडाला हात लावला तर राष्ट्र खवळतं, दुसऱ्याला हात लावला तर राष्ट्र पन्नास रुपयांची पावती फाडतं. ढाल्यांनी कापडाला कापड लावून पाहिलं. लेखाची खरी ताकद या तुलनेत आहे. राष्ट्र हे माणसांचं बनतं, हा विचारही त्याच जागी लेखात आहे. तो कुणी पाठ केला नाही.

मग त्या शिवराळ प्रश्नाचं काय? आपल्यातले काही जण म्हणतात, ती भाषा वस्तीची आहे, ती अशीच असणार. मान्य. शिवी ही अश्लील आणि पन्नास रुपयांचा निकाल मात्र सभ्य, असं म्हणणाऱ्यांच्या सभ्यतेला मी काडीची किंमत देत नाही. पण समीक्षक म्हणून एक विचारावंच लागेल, की त्या वाक्यानं लेखाचं काम पुढं नेलं की अडवलं? मला वाटतं अडवलं. हिशेब इतका पक्का होता की समोरच्याला पळायला जागा नव्हती. त्या एका वाक्यानं दार किलकिलं झालं आणि सगळे त्यातून बाहेर सटकले. भाषेवर बोलत बसले, वर्षानुवर्षं बोलत बसले, आणि बाईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. हे ढाल्यांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. १६ जुलै २०१९ ला ते गेले, त्यांच्या नावाचे फलक लागले, भाषणं झाली. लेखकाला मान द्यायचा तर त्याच्या लेखाशी झोंबलं पाहिजे.

३

आता ढाल्यांचा हिशेब कायद्याच्या पुस्तकाशी ताडून पाहू. वर्तमानपत्री आकडे सोडा, कलमंच घ्या.

ब्राह्मणगाव घडलं त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९७१ साली, राष्ट्रीय प्रतीकांच्या अपमानाचा कायदा संसदेनं केला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच वेळी भारतीय दंडसंहितेत स्त्रीच्या विनयभंगाचं ३५४ कलम होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, देवळात येऊ दिलं नाही तर लागायचा तो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे एकाखाली एक लिहून काढा. झेंडा, तीन वर्षं. बाई, दोन वर्षं. विहीर, सहा महिने. म्हणजे ब्राह्मणगावचा न्यायाधीश मेला, बदलून गेला, चांगला होता, वाईट होता, याला फारसा अर्थ नाही. उतरंड पुस्तकातच रचलेली होती. ढाल्यांनी एका निकालावर बोट ठेवलं, पण चूक त्या निकालापुरती नव्हती.

इथं शहाणे लोक म्हणतील, अहो, झेंड्याची तुलना माणसाशी कशी करता? झेंडा सगळ्या देशाचा असतो, त्याचा अपमान हा सगळ्यांचा अपमान. ठीक. मग त्याच कायद्याचं दुसरं कलम काढून वाचा. त्या कलमात झेंडा एकटा नाही. ‘भारताचा राष्ट्रध्वज किंवा भारताचं संविधान’ असं दोघांचं नाव तिथं आहे. संविधानाचा किंवा त्याच्या कुठल्याही भागाचा जाहीर अवमान केला तर तीच तीन वर्षं.

आता संविधानाचा भाग म्हणजे काय? सतरावं कलम हा संविधानाचा भाग आहे, अस्पृश्यता संपली असं ते सांगतं. पंधरावं कलम हा संविधानाचा भाग आहे, त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तळी, घाट, रस्ते यांची नावं घालून लिहिलंय की तिथं जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. मग गावच्या चौकात, लोकांच्या देखत, दलित बाईला विहिरीवरून हाकलणारा माणूस संविधानाचा जाहीर अवमान करत नाही काय? वकील म्हणतील, कायद्याला अभिप्रेत आहे ते संविधानाचा ग्रंथ जाळणं, फाडणं, त्याच्याविरुद्ध बोलणं. ९ ऑगस्ट २०१८ ला दिल्लीत जंतरमंतरवर संविधानाच्या प्रती जाळल्या, तेव्हा हा कायदा आठवला. म्हणजे कागद जाळला तर संविधानाचा अपमान आणि कागदावर लिहिलेलं पायाखाली तुडवलं तर किरकोळ गावभांडण. वकिलांचा मुद्दा कोर्टात टिकेलही. नागरिक म्हणून मला तो पटत नाही, तुम्हाला पटतो का बघा.

४

ढाल्यांच्या लेखानंतर वहीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, हे लपवायचं कारण नाही. त्या आपल्या लोकांनी रस्त्यावर येऊन करून घेतल्या. १९७६ साली अस्पृश्यतेचा कायदा दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षणाचा कायदा झाला, कमीत कमी एक महिन्याची कैद आली. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. त्यात दलित-आदिवासी माणसाचे कपडे उतरवणं, त्याची नग्न धिंड काढणं हा वेगळा गुन्हा म्हणून लिहिला गेला आणि शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत झाली. ब्राह्मणगावची बाई कायद्यात शिरायला सतरा वर्षं लागली. बाकी सगळ्या बायकांसाठी ३५४ कलम बदललं ते २०१३ साली, दिल्लीतल्या बलात्कारानंतर लोक रस्त्यावर आले तेव्हा. म्हणजे १९७१ पासून २०१३ पर्यंत, बेचाळीस वर्षं, या देशाच्या पुस्तकात झेंड्याचा भाव बाईपेक्षा एक वर्षानं चढाच होता. आता तर दंडसंहिताही गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे नंबर बदलले.

पण वही दुरुस्त झाली म्हणून वसुली होतेच असं नाही. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. कायदा होता, सतरा वर्षं जुना होता. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. पण जातीतून हे घडलं असं मानलं नाही, अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला नाही. २०१० साली उच्च न्यायालयात फाशीची पंचवीस वर्षांची कैद झाली. फाशी व्हायला हवी होती की नाही, तो वेगळा वाद, मी त्यात पडत नाही. माझा मुद्दा त्या एका शब्दापाशी आहे. खून झाला हे देशानं मान्य केलं. कशासाठी झाला, हे मान्य करायला देश तयार नव्हता. गुन्ह्याचं नावच खाली पडलं तर मग शिक्षेचा आकडा कितीही मोठा असला तरी हिशेब लागत नाही.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात हा ढाल्यांचा लेख एका रविवारी मोठ्यानं वाचला. पोरं झेंड्यावर बोलायला लागली. मागं एक मावशी बसल्या होत्या, झाडूखात्यातून रिटायर झालेल्या. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते पन्नास रुपये गेले कुठं? त्या बाईला मिळाले का?”

वर्ग गार पडला. कारण दंड जातो सरकारच्या तिजोरीत. कोर्टानं मुद्दाम हुकूम केला तरच त्यातलं काही ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला मिळतं. म्हणजे अब्रू गेली बाईची आणि पैसे जमा झाले राष्ट्राच्या खात्यावर. ढाल्यांच्या लेखावर इतकी वर्षं लिहून आलं, पण हा प्रश्न मी कुठं पाहिला नाही. मावशी चौथीपर्यंत शिकल्यात. समीक्षा कुणी करायची याबद्दल आपल्या विद्यापीठी मंडळींनी जरा विचार करावा.

५

आता आजचा जमाखर्च. ढाल्यांची पद्धत खरी असेल तर ती आजही चालली पाहिजे.

हातानं मैला साफ करण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. दुसऱ्या कायद्यात गटारात आणि सेप्टिक टाकीत माणसाला संरक्षणाशिवाय उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेजारी १९७१ चा कायदा ठेवा. झेंडा जाळला, तीन वर्षं. माणूस गटारात उतरवला, दोन वर्षं. बाई सुटली तर तिच्या जागी सफाई कामगार येऊन उभा राहिला. फरक तेवढाच एका वर्षाचा आहे, जसा होता तसा.

सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ ला सांगितलं की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला ती रक्कम तीस लाख केली. सरकारनंच संसदेत सांगितलेल्या आकड्यांप्रमाणं २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि टाक्या साफ करताना ३७७ माणसं मेली. गटारात उतरणाऱ्या कामगारांची सरकारनं नोंद घेतली, २०२४ च्या अखेरीस आकडे आले, तर शंभरात सदुसष्टाहून जास्त अनुसूचित जातीचे निघाले. वर पुन्हा म्हणायचं, हे काम जातीवर आधारलेलं नाही, धंद्यावर आधारलेलं आहे. अरे, मग धंदा कशावर आधारलाय?

भाषेचा एक नमुना बघा, कारण आपण समीक्षा करतोय. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत प्रश्न आला, हातानं मैला साफ करताना किती मेले? उत्तर आलं, हातानं मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारं आणि टाक्यांची धोकादायक सफाई करताना मृत्यू झालेत, ते वेगळे. उत्तर देणारे मंत्री रामदास आठवले, पँथरच्या चळवळीतून वर आलेले. मैल्याला मैला म्हटलं नाही की मरण उरत नाही, ही युक्ती खैरलांजीच्या जातीलाही लागली आणि गटारालाही लागली. ढाल्यांच्या एका शब्दावर ज्यांनी आकाशपाताळ एक केलं, त्यांच्या वारसांनी या शब्दांवर कधी हरकत घेतलेली ऐकली आहे?

आणि नागरी जाणीव! हा शब्द पांढरपेशांचा फार आवडता आहे. लोकांना शिस्त नाही, कुठंही थुंकतात, कचरा टाकतात, रांग मोडतात, परदेशात बघा कसं असतं. यातलं खोटं काही नाही. पण ही जाणीव रस्त्यापासून सुरू होते आणि गटाराच्या झाकणापाशी संपते. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा ठेवायचे फलक लागतात, त्याच सोसायटीत मोलकरणीला आणि कचरावाल्याला वेगळी लिफ्ट असते. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारतचा झाडू मोठमोठ्या हातांत आला. फोटो निघाले. झाडू संध्याकाळी परत ज्याचा होता त्याच्याकडंच गेला. झाडू सगळ्यांचा झाला असता, पगारी, कायम नोकरीचा, हातमोजे-बूट-मास्क असलेला झाला असता, तर तिला मी नागरी जाणीव म्हटलं असतं.

२०२२ साली ‘हर घर तिरंगा’ आला. ध्वजसंहिता बदलून पॉलिस्टरचा, यंत्रावर बनलेला झेंडा चालू झाला, रात्रीही घरावर ठेवायची परवानगी झाली. छान झालं, झेंडा गरिबाच्या दारापर्यंत आला. पण १६ ऑगस्टच्या सकाळी मुंबईत, पुण्यात, कुठल्याही शहरात पाच वाजता उठून रस्त्यावर जा. कागदी झेंडे, प्लास्टिकचे झेंडे, काड्यांसकट. ते वाकून वाकून उचलतं कोण? कंत्राटावरची बाई उचलते, जिला सुट्टी नसते आणि किमान वेतनासाठी युनियनला कोर्टात जावं लागतं. १५ तारखेला छाती फुगवणाऱ्यानं टाकलेल्या झेंड्याचा मान १६ तारखेला तीच राखते. १९४७ साली अण्णा भाऊ साठ्यांनी मुंबईत मोर्चा काढला तोही १६ ऑगस्टलाच. मला हा दिवस पाळण्याजोगा वाटतो.

६

यावर आपलीच काही पोरं म्हणतात, मग सोडा ना तो देश आणि तो झेंडा. दुसरी पोरं उलट बोलतात. आमच्या महार रेजिमेंटनं रक्त सांडलं, आम्ही कोरेगाव लढलो, आम्हाला देशभक्ती काय शिकवता? मला दोन्ही उत्तरं मंजूर नाहीत.

पहिलं घ्या. १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात गांधींच्या समोर बसून बाबासाहेबांनी सांगितलं की मला मायभूमीच नाही. जिथं आम्हाला कुत्र्या-मांजराइतकीही किंमत नाही, तिला आमची कशी म्हणू, असा त्यांचा सवाल होता. हे सगळ्यांना पाठ आहे. पण तेच बाबासाहेब १९४७ च्या जूनमध्ये राष्ट्रध्वज ठरवणाऱ्या समितीत बसले होते, राजेंद्रप्रसाद अध्यक्ष होते. २२ जुलै १९४७ ला जो झेंडा संविधान सभेनं स्वीकारला त्याच्या मधोमध चरख्याऐवजी सारनाथचं चक्र आलं. ते चक्र धम्माचं आहे. झेंड्यातला आपला वाटा असा ठसठशीत मध्यावर असताना तो दुसऱ्याच्या हाती देऊन आपण घरी का जावं? ढाले स्वतः बौद्ध होते. झेंडा हे नुसतं कापड आहे हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण चक्राचा अर्थ वागण्यातून उतरला नाही म्हणून तो नुसतं कापड राहिला, हा पुढचा मुद्दा त्यांच्या लेखाला जोडला पाहिजे.

दुसरं उत्तर जास्त घातक आहे, कारण ते गोड लागतं. आम्हीही लढलो, आम्हीही मेलो, हे सगळं खरं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली आणि रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. लढणाऱ्याला गरजेपुरतं घ्यायचं आणि नंतर हाकलायचं, हा अनुभव आपला आहे. तरी आपण देशभक्तीचा दाखला काढायला पुन्हा त्याच खिडकीपुढं रांगेत उभे राहतो. हा दाखला मागायचा अधिकार त्यांना कुणी दिला? पाटलाच्या पोराला विचारतात का, तुझा आजा कुठल्या लढाईत मेला? नागरिकाला देशाचा पुरावा द्यावा लागत नाही. देशानं नागरिकाला पुरावा द्यायचा असतो.

मग देशभक्ती म्हणजे काय? फुल्यांनी ‘एकमय लोक’ असा शब्द वापरला, राष्ट्र म्हणजे एकमय लोक. जातीजातीत तुकडे असताना ते कसे व्हायचे, असं त्यांनी राष्ट्रीय म्हणवणाऱ्या सभांना विचारलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी तेच पुढं नेलं. राजकारणात समता आणि समाजात विषमता अशा विसंगतीत आपण २६ जानेवारीला शिरतोय, ती लवकर मिटवली नाही तर विषमतेनं भरडलेले लोक ही लोकशाहीची इमारत उडवून देतील, असा इशारा दिला. जाती या राष्ट्रविरोधी आहेत हेही तिथंच सांगितलं. या व्याख्येनं बघितलं तर ब्राह्मणगावात राष्ट्रद्रोह कुणी केला हे सांगायला वकील लागत नाही. आणि ढाल्यांचा लेख हा स्वातंत्र्यदिनाच्या अंकातला सगळ्यात राष्ट्रीय लेख ठरतो, कारण एकमय लोक व्हायच्या आड काय आलंय ते त्यानं आकड्यात दाखवलं.

७

आता आपली पाळी. इतरांच्या वहीवर बोट ठेवणाऱ्यानं स्वतःची वहीही उघडी ठेवली पाहिजे.

आपल्यातले कितीतरी जण आता ब्लॉकमध्ये राहायला गेले. चांगलं झालं, बाबासाहेबांनी शिका म्हटलं त्याचं फळ आहे. पण आपल्या इमारतीची टाकी साफ करायला जो येतो त्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं का? तो बहुधा वाल्मीकी असतो, मेहतर असतो, मातंग असतो, नाहीतर आपल्याच गावाकडचा बौद्ध पोरगा असतो. कमिटीच्या बैठकीत मशीन मागवा, माणूस उतरवू नका, असं उठून सांगणारे आपल्यात किती? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत रात्री बारापर्यंत डीजे वाजतो. १५ ला सकाळी तो रस्ता कोण झाडतं? हे विचारलं की लगेच कुणी म्हणतं, गणपतीवाल्यांना विचारा आधी. गणपतीवाल्यांशी बरोबरी करायची होती तर बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या?

आणि अत्याचाराच्या केसेस. घटना घडली की मोर्चा, निवेदन, फोटो. चार्जशीट दाखल झाली का, साक्षीदाराला तालुक्याच्या कोर्टापर्यंत न्यायला एसटीचं भाडं कोण देतं, तीन वर्षांनी तो साक्षीदार का फिरला, हे बघायला कुणी नसतं. खैरलांजीवर महाराष्ट्र पेटला तो घटनेनंतर. निकालाच्या दिवशी, जातीचा मुद्दा कोर्टात खाली पडला त्या दिवशी, किती जण जागे होते?

दोस्तहो, ढाल्यांच्या लेखाला खरं उत्तर द्यायचं असेल तर ते लेख लिहून देता येणार नाही, या लेखानं तर नाहीच. प्रत्येक शाखेनं एक शंभरपानी वही घ्यावी. पहिल्या पानावर आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत अत्याचार कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, किती कोर्टात गेले, किती सुटले, हे लिहावं. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. दुसऱ्या पानावर आपल्या नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार किती, त्यांना मोजे-बूट मिळतात का, गटारात कुणी मेलं असेल तर तीस लाख घरी पोचले का, हे लिहावं. तिसऱ्या पानावर दंड किती वसूल झाला आणि त्यातलं ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या हातात किती पडलं, हा मावशींचा प्रश्न लिहावा. उत्तर मिळालं नाही तर ‘उत्तर नाही’ असं लिहून तारीख घालावी.

१५ ऑगस्टला झेंडावंदनाला जा. सरळ उभे राहा. आणि कार्यक्रम संपला की ती वही काढून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. कुणी म्हणेल, आजच्या दिवशी हे कशाला? त्याला सांगा, याच दिवसासाठी लिहिलंय.

जय भीम.